उबुंटू व डेबियन अद्ययावत करतानाच्या परवानगी-त्रुटी

उबुंटू व डेबियन या लिनक्सवर आधारित संचालन प्रणाली अद्ययावत करताना ‘परवानगी नाकारली’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबते, त्यास परवानगी-त्रुटी म्हणतात. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. प्रणालीचे संरक्षण चालू असल्याचीच ती खूण असते.

पार्श्वभूमी

युनिक्स परंपरेत प्रत्येक संचिकेला मालक व गट असतो. वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या मालक, गट व इतर वापरकर्ते यांना स्वतंत्रपणे दिल्या जातात. प्रणालीच्या संचिका ‘रूट’ या प्रशासकीय खात्याच्या मालकीच्या असतात. ‘ॲप्ट’ ही आज्ञावली काम सुरू करताना प्रथम एका कुलूप-संचिकेचा ताबा घेते, म्हणजे दोन आज्ञावल्या एकाच वेळी संचांच्या नोंदीत फेरफार करू शकत नाहीत. सामान्य वापरकर्ता अडतो तो याच पायरीवर.

संदेशातील क्रमांक व उपाय

संदेशाच्या कंसातील क्रमांक आधी पाहावा. १३ हा क्रमांक खरोखर परवानगीचा अभाव दाखवतो. अशा वेळी तीच आज्ञा ‘सुडो’ हा शब्द आधी जोडून पुन्हा द्यावी. उबुंटूमध्ये रूट खात्याने थेट प्रवेश मुळातच बंद असल्याने हाच रूढ मार्ग आहे. डेबियन बसवताना रूटचा परवलीचा शब्द ठरवला असेल, तर पहिला वापरकर्ता ‘सुडो’ गटात नसतो. रूट म्हणून त्याला त्या गटात घालावे लागते आणि त्याने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्यावरच हा बदल लागू होतो.

११ हा क्रमांक आल्यास परवानगी मागून उपयोग नाही. कुलूप दुसऱ्या आज्ञावलीकडे, अनेकदा पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्वयंचलित अपडेटकडे असते. थांबणे हाच उपाय. कुलूप-संचिका पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. खरे कुलूप कर्नेलच्या नोंदीत असते. ताबा असलेली आज्ञावली बंद पडताच ते आपोआप सुटते, संचिका मात्र तशीच राहते. ती पुसल्यास चालू कामाशेजारी दुसरे काम सुरू होऊन नोंदी बिघडू शकतात. वीज जाऊन काम अर्धवट राहिले असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा (रोमन लिपीत टंकून) ते पूर्ण करते.

३० हा क्रमांक विभाग केवळ वाचनीय झाल्याचे सांगतो. डिस्कमध्ये दोष आढळल्यावर प्रणाली स्वतःच असे करू शकते. तेव्हा आधी डिस्क तपासावी.

सरसकट परवानग्या देण्याचे परिणाम

काही जण वैतागून संपूर्ण प्रणालीला ‘सीएचमॉड ७७७’ लावतात, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देतात. याने सुडोच निकामी होते. रूटच्या अधिकाराने चालण्यासाठी त्याच्या संचिकेवर असलेली विशेष खूण या आज्ञेने पुसली जाते. शिवाय आपली नियम-संचिका कोणालाही बदलता येते असे दिसल्यास सुडो चालण्यास नकार देते. डीपीकेजी संचिकांच्या मूळ परवानग्यांची नोंद ठेवत नाही, त्यामुळे त्या एका आज्ञेने पूर्ववत करता येत नाहीत. रिकव्हरी मोडमधून संच पुन्हा बसवता येतात, तरी अनेकदा संपूर्ण प्रणाली नव्याने बसवणे कमी वेळखाऊ ठरते.