कूलरमधून उडतं ते फक्त पाणी

होळी झाली की मुक्ताईनगरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. आखाजीपर्यंत थांबणारा मग ताट्या आणि पंपासाठी दुकानात ताटकळतो, तेही चढ्या भावात. पारा ४४-४५ ला टेकणाऱ्या या तालुक्यात कूलरशिवाय दुपार निघत नाही. पण तो गार का करतो, याचं शास्त्र मात्र घरोघरी वेगळं.

त्यातलं सगळ्यात लाडकं शास्त्र बर्फाचं. पाहुणे आले की फ्रीजमधले ट्रे टाकीत रिकामे होतात आणि दहा मिनिटं बरं वाटतंही. पण कूलरचा गारवा पाण्याच्या थंडपणातून येत नाही, पाणी उडून जाण्यातून येतो. एक लिटर पाणी उडताना हवेतून जेवढी उष्णता ओढून घेतं, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही एक किलो बर्फ वितळून टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत घेत नाही. मे महिन्यात मोठा कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो, तिथे दोन ट्रे बर्फाची काय कथा! बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताटीतून हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या कूलरमधून ती २७-२८ ला बाहेर पडते. टाकीतलं पाणीही ताटीवरून फिरून फिरून तेवीस-चोवीसच्या आसपास येतं, म्हणून गच्चीवरचं कढत पाणी भरलं तरी थोड्या वेळाने फरक उरत नाही.

एसीसारखी दारं-खिडक्या लावून घेणं तर उलटंच पडतं. ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसली की पाणी उडायचं मंदावतं आणि अंग चिकचिकतं. समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच.

‘रोज नवं पाणी भरतो, म्हणजे टाकी स्वच्छच’ हा पुढचा समज. उडून जातं ते फक्त पाणी, त्यातले क्षार नाहीत. चांगदेवचा तापी-पूर्णा संगम जवळ असला, तरी कूलरच्या टाकीत बहुधा बोअरचंच पाणी पडतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार ठीक मानतं, दुसरी सोयच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालवून घेतं. आपण मधला एक ग्रॅम धरू. पन्नास लिटर उडाले की पन्नास ग्रॅम मागे राहिले, दहा दिवसांत अर्धा किलो. वरून ओतलेलं ‘नवं’ पाणी त्यात भरच घालतं. हे क्षार ताटीवर पांढरे, खरखरीत बसतात, वारा अडतो आणि आपण मोटर कमजोर झाली म्हणून मिस्त्रीला बोलावतो. अमेरिकेत हिवाळ्यात घरभर ओलावा देणारं यंत्र घर तापवणाऱ्या भट्टीला जोडलेलं असतं. त्याचीही जाळी अशीच क्षाराने भरते आणि बहुतेक ठिकाणी दर हंगामाला बदलावी लागते. आपल्याकडची ‘लाइफटाइम’ म्हणून विकली जाणारी हनीकोंब ताटी त्याला अपवाद कशी असेल?

केळीला ठिबक असलेल्या शेतकऱ्याला क्षार नवा नाही, ठिबकचे ड्रिपर तोच बुजवतो. पण ठिबकसाठी आणलेलं तीव्र आम्ल कूलरच्या पत्र्यावर ओतू नये. पत्र्यावरचा जस्ताचा थर जातो आणि टाकी गळायला लागते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थर अर्धा तास मुरू द्यावा आणि नायलॉनच्या ब्रशने घासावा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन दिवसांनी तळाचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करावी. ते पाणी तुळशीला मात्र घालू नका.

वास मारायला काही जण पाण्यात झाकणभर फिनाईल टाकतात. फरशी पुसायच्या औषधाची वाफ रात्रभर नाकाशी आणून सोडायची, ही कसली स्वच्छता? दक्षिण कोरियात खोलीत ओलावा देणाऱ्या यंत्रांच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं १९९४ पासून सर्रास विकली जात होती. गरोदर बायका आणि लहान मुलांची फुप्फुसं निकामी झाली, माणसं दगावली, आणि २०११ मध्ये कारण ती जंतुनाशकंच निघाली. ती यंत्रं थेंब उडवतात, कूलर वाफ देतो, एवढा फरक आहे. तरी फिनाईल नकोच. कुबट वासावर साधा इलाज आहे: कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून पंखा वीस मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे ताटी वाळते.

डेंग्यूचा डास गटारात होतो, हाही पक्का बसलेला गैरसमज. एडिस इजिप्ती डासाला साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, आणि बंद पडून राहिलेल्या कूलरची टाकी त्याला फार सोयीची. मादी अंडी घालते ती बहुतेक पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओल्या भिंतीवर. काळे, खसखशीहून बारीक ठिपके. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. नुसतं पाणी ओतून दिल्याने अंडी जात नाहीत. त्या रेषेवर घासावं लागतं.

आणि घासण्याआधी प्लग ओढून काढावा. ‘स्विच बंद आहे’ यावर विसंबू नये. वायरिंग उलटं झालेलं असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि आतल्या मोटरपर्यंत करंट पोचतच राहतो. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय, एवढं पुरतं. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांवरचा खर्च टाळू नये.

मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलर नुसता वारा देतो. मग तो तळाशी चार बोटं पाणी घेऊन खिडकीतच दिवाळीपर्यंत उभा राहतो. आपण म्हणतो, उचलू कधीतरी. पाणी आपोआप आटलं तरी भिंतीवरची अंडी कोरडी होऊनही महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पाण्यात फुटू शकतात. म्हणून टाकी घासायची ती कूलर माळ्यावर चढवण्याआधी. मग ती उन्हात वाळवायची, जुनी ताटी फेकायची आणि तळाचं बूच उघडंच ठेवायचं.