आकाशगंगेतील वायूचा जमाखर्च

तारा मरतो तो स्फोट होऊन, त्यातील झाडून सारा वायू अवकाशात विखुरतो, आणि त्याच वायूतून नवे तारे जन्मास येऊन हे चक्र अनंतकाळ अव्याहत चालू राहते, ही जी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे, तिच्यात सत्याचा अंश असला तरी तो फार थोडा आहे.

स्फोटाने संपणारे तारे विरळाच. सूर्याच्या सुमारे ८ पट किंवा अधिक वस्तुमान असणाऱ्यांच्याच वाट्याला तो अंत येतो. सूर्यासारखे तारे फुगून आपले बाह्य थर हळूहळू सोडून देतात. आपल्या देहातील कार्बन व नायट्रोजन यांचा मोठा भाग अशा शांत मरणांतूनच आला आहे. हायड्रोजन तर कोणत्याच ताऱ्याने घडविलेला नसून विश्वारंभापासूनचा आहे.

सारा वायू परत येतो, हा भ्रम बारामती-इंदापूरच्या ऊसकऱ्यास तरी होऊ नये. ऊस कारखान्याकडे जातो, पाचट रानातच कुजते, त्यावर खोडवा फुटतो. परंतु गाडीत भरून गेले ते गेलेच, आणि म्हणून खताविना खोडव्यामागून खोडवा घेणाऱ्याचे एकरी उत्पन्न घटतच जाते. ताऱ्यांच्या एका पिढीत गुंतलेल्या द्रव्यापैकी अजमासे तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक एवढाच वायुरूपाने परततो. तो जड मूलद्रव्यांनी समृद्ध होऊन परततो, हे खरे. पण बाकीचे द्रव्य श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे व कृष्णविवरे यांत कायमचे अडकते, किंवा ज्यांतील एकही विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांत वार्धक्याने मेलेला नाही अशा लहान लाल ताऱ्यांत पडून राहते. सुमारे ५ अब्ज वर्षांनी आपला सूर्यही जवळजवळ निम्मेच वस्तुमान परत करील.

मग हे चक्र चालते कशावर? याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात मिळाला, याचा मला मनस्वी अभिमान वाटतो. ज्या मुलखाचे पावसाचे पाणी घोड नदीतून भीमेत व पुढे इंदापूरच्या सीमेवरील उजनी जलाशयात येते, त्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकेका दूरस्थ दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत अतिक्षीण असल्यामुळे आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून, २०२० साली, सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या वायूची सरासरी मोजदाद केली. शिल्लक विपुल होती. पण तारे निर्माण होण्याचा तेव्हाचा वेग असा, की बाहेरून नव्या वायूची भर न पडल्यास ती १ ते २ अब्ज वर्षांतच संपावी. ती भर पुरेशी पडली नाही, आणि त्यानंतर विश्वातील तारकानिर्मिती मंदावत जाऊन सुमारे दशांशावर आली, ती बव्हंशी याच सबबीने, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपली आकाशगंगा आज वर्षाकाठी एक-दोन सूर्यांइतक्याच वस्तुमानाचे तारे घडविते, आणि तेवढ्यासाठीही तिला दीर्घिकांमधील अवकाशातून येणाऱ्या ताज्या वायूची गरज लागते.