व्याज नाही, तारण नाही. मग देतात कशासाठी?

गेल्या चातुर्मासात एका सकाळी प्रवचन आटोपून स्थानकाच्या पायऱ्या उतरत असताना पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याने मला थांबवले. त्यांची पेढी तीन पिढ्यांची. मी बँकेत असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते काही वर्षे माझ्याकडे होते. किराणा दुकानदारांना घाऊक मालाची मागणी मोबाईलवरून नोंदवता यावी, यासाठी त्यांच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी एक कंपनी काढली. आता एका गुंतवणूक निधीने तिच्यात १० कोटी रुपये घालण्याची तयारी दाखवली होती. सोळा पानांचा एक कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "साहेब, व्याज नाही, तारण नाही, जामीन नाही. परतफेडीची तारीखसुद्धा नाही. मग हे लोक पैसे देतात कशासाठी?"

"शेठजी, कागद दोन दिवस माझ्याकडे राहू द्या," एवढेच मी त्या वेळी म्हणू शकलो.

प्रश्न साधा होता, पण आयुष्यभर कर्ज देण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाला त्याचे उत्तर चटकन सुचत नाही. कर्ज मंजूर करताना आम्ही एकच गोष्ट पाहत असू : धंदा बुडाला तर पैसे कसे वसूल होतील? शंभर कर्जांपैकी पाच बुडाली तरी शाखाधिकाऱ्याला वरच्या कार्यालयाला तोंड दाखवणे कठीण होई. व्हेंचर कॅपिटल, म्हणजेच साहस भांडवल, देणारा निधी याच्या नेमका उलट प्रश्न विचारतो : हा धंदा साधला, तर केवढा होईल?

समजण्यापुरते उदाहरण घेऊ. १०० कोटींचा निधी प्रत्येकी ५ कोटी याप्रमाणे वीस कंपन्यांत पैसे घालतो. दहा वर्षांत रकमेची तिप्पट, म्हणजे ३०० कोटी, करून देणे हे त्याचे उद्दिष्ट. हा परतावा चक्रवाढीने वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडतो. जोखमीच्या मानाने तो मुळीच अवास्तव नाही. वीसपैकी बारा कंपन्या बुडाल्या आणि पाच कंपन्यांनी केवळ मुद्दल परत दिले, तर हाती २५ कोटी येतात. राहिलेले २७५ कोटी उरलेल्या तीन कंपन्यांनी द्यायचे. म्हणजे प्रत्येकीने आपल्या ५ कोटींचे सुमारे ९२ कोटी, अठरा पटींहून अधिक, करायचे. कोणत्या तीन, हे आरंभी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक कंपनी अठरा-वीस पट वाढेल अशाच रीतीने ती हाकली जावी, असा निधीचा आग्रह असतो. पाच वर्षांत दुप्पट होणारा, कोणाचे देणे न थकवणारा नेटका धंदा आपल्या समाजात आदर्श मानला जातो. या गणितात मात्र त्याची गणना जवळजवळ अपयशात होते. शेठजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

या व्यवहाराची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घडली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही संस्था निघाली. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि त्या एकाच गुंतवणुकीने तिचे नाव राखले. पुढे १९७९ मध्ये तेथील निवृत्तिवेतन निधींना अशा गुंतवणुकीची वाट मोकळी झाली आणि ओढ्याची नदी झाली.

आपल्याकडे आरंभ सरकारी छत्राखाली झाला. केंद्र सरकारने १९८८ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच सुमारास आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून टीडीआयसीआय ही संस्था उभी केली. सेबीचे साहस भांडवलविषयक नियम १९९६ मध्ये आले. तरी रकमा लहान होत्या आणि देणाऱ्यांची वृत्ती आमच्यासारखीच, बँकेची होती. खरा ओघ २००६ नंतर सुरू झाला, आणि तो मुख्यतः परदेशातून. तेथील विद्यापीठांचे स्थायी निधी, निवृत्तिवेतनाचे पैसे, धनाढ्य घराण्यांची बचत हे सारे बंगळूर, गुरुग्राम आणि मुंबईकडे वळले. २००७ मध्ये पुस्तके विकण्यापासून सुरुवात केलेल्या फ्लिपकार्टमध्ये २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आरंभीच्या गुंतवणूकदारांचे गणित कसे जुळते ते देशाने पाहिले.

१६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' जाहीर झाले. त्यातील एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते. सिडबीमार्फत १०,००० कोटींचा 'निधींचा निधी' उभारला गेला. सरकार कंपन्या निवडत नाही, निवडणाऱ्या निधींना भांडवल पुरवते. कोणत्या तरुणाला पैसे द्यावेत हे मंत्रालयाने ठरवले असते, तर काय झाले असते याची कल्पना मला नोकरीतील अनुभवावरून सहज येते. याच्याच जोडीला मात्र २०१२ च्या अर्थसंकल्पाने आणलेला 'एंजल टॅक्स' तब्बल बारा वर्षे रेंगाळला. भागावर मिळालेल्या अधिमूल्यालाच उत्पन्न ठरवून त्यावर कर मागणारी ती तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली. आज मान्यताप्राप्त स्टार्टअपांची संख्या दीड लाखाच्या पुढे आहे.

ओघ मात्र एकसारखा नसतो. २०२१ मध्ये भारतात ३८ अब्ज डॉलरच्या वर साहस भांडवल आले. २०२३ मध्ये ते १० अब्जांच्या आत उतरले. दोन वर्षांत कंपन्या एवढ्या बिघडल्या नव्हत्या. परदेशातील व्याजदर चढले होते. बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीच्या दाव्यावरून जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. मूल्यांकन आणि गल्ल्यातील रोकड यांत केवढे अंतर असू शकते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा उसळला, तेव्हा आपल्याच समाजाचे प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि ते वैभव काही महिन्यांत कोसळले. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे.

आता त्या सोळा पानांकडे. शेठजींच्या नातवाला १० कोटींच्या बदल्यात २० टक्के हिस्सा द्यायचा होता; म्हणजे कंपनीची किंमत ५० कोटी धरली होती. घरात पेढे वाटले गेले ते या आकड्यावर. पण भागीदारीच्या आपल्या समजुतीप्रमाणे २० टक्के म्हणजे नफ्या-तोट्यात २० टक्के. येथे तसे नव्हते. निधीला मिळणारे भाग प्राधान्याचे होते आणि त्यांना 'लिक्विडेशन प्रेफरन्स' जोडलेला होता, तोही 'पार्टिसिपेटिंग' प्रकारचा. मी शेठजींना कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, धंदा मनासारखा चालला नाही आणि कंपनी १५ कोटींना विकावी लागली. साध्या भागीदारीत निधीला ३ कोटी, नातवाला १२ कोटी. या कलमाप्रमाणे निधी आधी आपले १० कोटी उचलणार, मग उरलेल्या पाचातून २० टक्के, म्हणजे आणखी १ कोटी घेणार. नातवाला ४ कोटी. तेच कलम 'नॉन-पार्टिसिपेटिंग' असते, तर निधीला १० कोटी किंवा २० टक्के यांपैकी जे जास्त तेवढेच मिळाले असते. नातवाला ५ कोटी. विक्री १०० कोटींना झाली, तर फरक आणखी डोळ्यांत भरतो : निधीला एका पद्धतीत २० कोटी, दुसरीत २८.

शेठजींनी तीन वेळा बेरीज पडताळली. "म्हणजे तारण आहे," ते म्हणाले. "फक्त घराचं नाही, पोराच्या घामाचं आहे."

दुसरे कलम त्यांना अधिक झोंबले. संबंधित व्यक्तींशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला निधीची लेखी संमती आवश्यक होती. नातवाची कंपनी साखर आणि डाळी शेठजींच्या पेढीकडूनच घेत होती, गोदाम मामांचे होते, हिशेब चुलतभाऊ पाहत होता. आपल्याकडे ज्याला घरचा आधार म्हणतात, त्याला हा कागद हितसंबंधांचा संघर्ष म्हणतो. येथे माझे मत निधीच्या बाजूचे आहे आणि ते मी शेठजींपासून लपवले नाही. दुसऱ्याचे १० कोटी घेतल्यावर आजोबांच्या पेढीला काय भाव दिला, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. मात्र दर पोत्यामागे संमती मागत बसलो, तर दुकान बंद पडेल, म्हणून वार्षिक मर्यादा ठरवून घ्यावी, असे मी सुचवले. नातवाचे स्वतःचे भागही चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याच्या नावे पक्के व्हायचे होते. आधीची दोन वर्षे त्यात मोजली नव्हती. ती मोजून घेणे न्यायाचे होते.

एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. हे भांडवल आपल्या घरांत दुसऱ्या दारानेही येते. सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली १ कोटीपासून गुंतवणूक स्वीकारणाऱ्या निधींची माहितीपत्रके हल्ली अनेकांच्या पेढीवर येतात. आपण तेथे देणाऱ्याच्या बाजूला असतो. वरील वीस कंपन्यांचे गणित तेव्हाही लागू आहे. निधीचे वार्षिक शुल्क आणि नफ्यातील वाटा त्यातून वजा करायचा. पैसे मध्येच काढता येत नाहीत. मुलीच्या लग्नासाठी किंवा गोदामासाठी राखलेली रक्कम तेथे घालू नये.

गेल्या महिन्यात शेठजींचा नातू भेटून गेला. प्रेफरन्स नॉन-पार्टिसिपेटिंग करायला निधीने फारशी खळखळ केली नाही. बहुधा कोणी विचारते का, एवढेच ते पाहत असावेत. आधीच्या दोन वर्षांपैकी एक वर्ष मोजून मिळाले. आजोबांच्या पेढीकडून होणाऱ्या खरेदीला वार्षिक मर्यादा ठरली. भाव मात्र दर तिमाहीला आणखी दोन घाऊक व्यापाऱ्यांच्या भावांशी पडताळले जातील. आता अडले आहे ते 'ड्रॅग अलाँग'च्या कलमावर, म्हणजे निधीने विकायचे ठरवले तर नातवालाही विकावे लागेल का, यावर. पाच वर्षांच्या आत अशी विक्री लादता येऊ नये, असे त्याचे म्हणणे. निधी चारांवर अडून बसला आहे. शेठजींनी त्या सोळा पानांची एक प्रत पेढीवर गल्ल्याशेजारच्या कप्प्यात ठेवली आहे आणि तिच्या समासात पेन्सिलीने मराठीत टिपणे केली आहेत.