रबराचे राक्षस, प्लास्टरचे शहर

पेण/रोहा : रबरी साच्यात प्लास्टर ओतून मूर्ती कशी काढतात, हे पेणकरांना सांगावे लागत नाही. मात्र, 1980च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहताना पेण-रोह्यातील मुलांनाही हे ठाऊक नसावे, की त्यातील कोसळणाऱ्या इमारतींमागे असेच परिचित साहित्य होते.

मित्सुतेरु योकोयामा यांच्या चित्रकथेवर आधारित ही 26 भागांची मालिका तोएई कंपनीने काढली. जपानमध्ये ती 1967-68 मध्ये दाखविली गेली. इंग्रजी आवृत्तीत तिच्या बालनायकाचे, दाइसाकुचे, ‘जॉनी सोको’ असे नामकरण झाले. मनगटी घड्याळातून तो आज्ञा देई आणि पोलादी रोबोट परग्रहावरील सम्राट गिलोटिनच्या राक्षसांशी झुंजे.

राक्षस म्हणजे रबरी पोशाखात घामाघूम झालेला माणूस. ही रीत रुजविली ती एजी त्सुबुराया यांनी, 1954च्या ‘गॉडझिला’ चित्रपटात. बाहुली कणाकणाने हलवून एकेक चौकट टिपण्याइतका वेळ व पैसा नव्हता, म्हणून माणसालाच पोशाख चढविण्यात आला. त्यांच्याच कंपनीची ‘अल्ट्रामॅन’ मालिका 1966 मध्ये आली.

पोशाखापेक्षा अवघड प्रश्न होता वजनाचा. माणूस दहामजली राक्षस वाटावा कसा? इमारतींच्या प्रतिकृती प्लास्टरच्या करीत. धक्का लागताच त्यांचे तुकडे होत, धूळ उडे. परंतु छोटी भिंत क्षणात खाली येते, उंच इमारत सावकाश. प्रतिकृती 25 पटींनी लहान असेल, तर तुकडे जमिनीवर पोहोचण्यास पाचपट कमी वेळ लागतो. म्हणजे हिशेबाने सेकंदाला 24 ऐवजी 120 चौकटी टिपून त्या नेहमीच्या वेगाने दाखवाव्या लागतात. प्रत्यक्षात वेग प्रसंगानुरूप ठरे. कॅमेराही शक्यतो जमिनीलगत, कारण मोठ्या गोष्टीकडे माणूस खालूनच पाहतो. आज या चलाखीतील दोष सहज दिसतात. पण खरी वस्तू खरोखर फुटते तेव्हाची धूळ संगणकालाही सहजी जमत नाही.

या खेळण्यातल्या जगावर अणूची छाया गडद होती. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम 22 वर्षे झाली होती. रोबोटही अणुशक्तीवरच चाले, आणि पहिल्या भागात तो जागा होतो तोच अणुस्फोटाने.

अखेरच्या भागात गिलोटिन स्वतःच भव्य रूप घेतो. त्याचे शरीर अणुऊर्जेने भरलेले असते. त्याच्यावर मारा केल्यास स्फोटात पृथ्वीच नष्ट होईल, अशी धमकी तो देतो. शस्त्रे निरुपयोगी ठरतात. तेव्हा कोणीही न सांगता रोबोट त्याला कवटाळून अंतराळात झेपावतो. परत ये, असे जॉनी घड्याळात ओरडत राहतो. इतके दिवस त्याचा प्रत्येक शब्द पाळणारा रोबोट ही एक आज्ञा मोडतो आणि गिलोटिनसह अशनीवर आदळतो.