सामाईक थैलीची मंडळी

दर वर्षी जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एक कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, असं श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८०५ साली ठरवलं. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठी, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं. कागद होता करारनामा. आपण इथं कशासाठी आलो, कसं वागायचं, पैसा कुणाचा, हे सगळं त्यात होतं आणि विसर पडू नये म्हणून वर्षातून तीनदा वाचन. माणसं विसरतात हे गृहीत धरून केलेले करार मला जास्त प्रामाणिक वाटतात.

बाप्टिस्ट पंथाचा आग्रह साधा आहे. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा नाही. कळत्या माणसानं स्वतः विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून घ्यावा. वर बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक आपण निवडते. वरून हुकूम येणार नसेल तर मंडळीला धरून ठेवायला सभासदांनी एकमेकांना दिलेला शब्दच उरतो. इंग्लंडातल्या अशाच छोट्या मंडळ्यांमधून विल्यम केरी आला. धंद्यानं चांभार, पुढे पाळक. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावातल्या एका विधवेच्या घरी मिशनरी संस्था स्थापन झाली तेव्हा वर्गणी जमली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स, तीही वचनांच्या रूपात.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. केरीनं सुरुवातीची वर्षं निळीच्या कारखान्यात काढली. १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड वगैरे मंडळी आली ती थेट डॅनिश श्रीरामपुरात उतरली, आणि जानेवारी १८०० मध्ये केरीही तिथं गेला. नदीकाठचं एक मोठं घर विकत घेतलं. सगळी कुटुंबं एकाच छपराखाली, एकाच पंगतीला. घराचा कारभार महिनाभर एकानं पाहायचा, मग दुसऱ्यानं. खासगी धंदा कुणी करायचा नाही. शनिवारची संध्याकाळ रुसवेफुगवे मिटवायला राखून ठेवलेली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला शनिवारच्या त्या बैठकीचं मोल वेगळं सांगायला नको.

पैशाचं गणित तर अचाट होतं. १८०१ मध्ये केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला, महिना पाचशे रुपयांवर. मार्शमन पती-पत्नींच्या निवासी शाळा चालत, वॉर्डचा छापखाना होता. सगळी मिळकत सामाईक थैलीत पडे आणि घरखर्चाला प्रत्येकाच्या हाती थोडकी रक्कम येई. अंगावरचे कपडेसुद्धा आपले नाहीत, इथवर करारनामा जातो. मात्र खाली सह्या सगळ्या पुरुषांच्या. हॅना मार्शमनची शाळा मिशनच्या मिळकतीचा एक खांब होती; तिची सही नाही. केरीची बायको डोरोथी हिंदुस्थानात आल्यावर मूल गमावून बसली आणि तिचं मन कायमचं बिघडलं. शेजारच्या खोलीत तिचा आरडाओरडा चालू असताना केरी भाषांतरं करत असे. १८०७ मध्ये ती वारली. सर्वस्व अर्पण करण्याच्या या शपथेत तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिला बंगाली सभासद कृष्ण पाल, जातीनं सुतार. नदीवर घसरून त्याचा खांदा निखळला, मिशनचे डॉक्टर जॉन टॉमस यांनी तो बसवला, तिथून ओळख. डिसेंबर १८०० मध्ये तो मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवला. गावाच्या दृष्टीनं जात तिथंच गेली. बाप्तिस्मा त्यानंतर, २८ तारखेला, हुगळीच्या पाण्यात. त्याच दिवशी केरीचा मुलगा फेलिक्स यानंही तो घेतला. लवकरच एक ब्राह्मण तरुण, कृष्णप्रसाद, मंडळीत आला आणि १८०३ मध्ये त्याचं लग्न कृष्ण पालच्या मुलीशी झालं. ब्राह्मण आणि सुताराची लेक. प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला हातोहात फिरे. मंडळीतला पहिला मृत्यू झाला तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत गोऱ्यांबरोबर जन्मानं ब्राह्मण असलेला एक आणि जन्मानं मुसलमान असलेला एक सभासद होता.

करारनाम्यातलं एक कलम मला फार शहाणं वाटतं: धर्मांतरितांची नावं बदलायची नाहीत. कृष्ण हे देवाचं नाव, म्हणून काय झालं? पहिल्या शतकातल्या कित्येक ख्रिस्ती माणसांची नावंही ग्रीक-रोमन देवतांवरून होती, असा त्यांचा युक्तिवाद. देशी लोकांना बरोबरीनं वागवायचं, त्यांच्या मंडळ्यांचे पाळक त्यांच्यातलेच असावेत, मूर्तींची विटंबना करायची नाही, हेही त्यात लिहिलेलं. पाळणं अवघड. दोनच वर्षांत श्रीरामपूरच्या छापखान्यातून पैगंबरांविषयी कडवट मजकुराची एक फारसी पुस्तिका निघाली आणि छापखाना कलकत्त्याला आणा, असा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटोच्या सरकारनं तगादा लावला. डॅनिश गव्हर्नर मध्ये पडला म्हणून निभावलं.

आपल्याशी या घराचं नातं छापखान्यामुळे जडलं. केरी कॉलेजात मराठीही शिकवे. पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं, १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश, १८११ मध्ये बायबलचा नवा करार, मग ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’. मराठी छापील गद्याचा आरंभ असा पेशव्यांच्या मुलखाबाहेर, बंगाली खिळेकारांच्या हातून झाला. गंमत म्हणजे मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरीही या वर्तुळाला घासूनच गेले. १८१२ मध्ये त्यांची तुकडी कलकत्त्याला उतरली. अॅडोनिराम जडसन प्रवासात बाप्तिस्म्याचा अभ्यास करत होता, श्रीरामपूरकरांशी वाद पडला तर उत्तर असावं म्हणून. वाद पडायच्या आधीच तो स्वतः बाप्टिस्ट झाला. मागोमाग ल्यूथर राइसही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मात्र आपल्या मतावर ठाम राहिले, १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं.

मार्च १८१२ मध्ये छापखाना जळाला. खिळे, कागद, हस्तलिखितं गेली. बातमी पोचल्यावर इंग्लंडातल्या मंडळ्यांनी काही आठवड्यांतच नुकसान भरून काढलं. आगीतून मिशन सावरलं. ते मोडलं मालकी हक्काच्या कागदांवर. १८१५ मध्ये संस्थेचा जुना चिटणीस अँड्र्यू फुलर वारला. तो केरीचा मित्र. दोघांत हिशेब विश्वासानं चाले. नव्या समितीनं विचारलं, घर, जमीन, छापखाना नक्की कुणाच्या नावावर? श्रीरामपूरकर म्हणाले, आमच्या कमाईतून घेतलंय, मिशनसाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो, पण व्यवस्था आमच्याकडेच राहील. तरुण मिशनरी वैतागून कलकत्त्याला निघून गेले. मार्शमन कुटुंबाचा वरचष्मा त्यांना सोसत नव्हता. मला दोन्ही बाजू पटतात. माझं काहीच नाही म्हणणाऱ्या माणसाला हिशेब मागितला की तो अपमान समजतो, आणि मागणाऱ्याचं तरी काय चुकलं? १८२७ मध्ये फारकत झाली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजानं या मिशनऱ्यांनी काढलेल्या श्रीरामपूर कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली.

वॉर्ड १८२३ मध्ये गेला होता, केरी ९ जून १८३४ रोजी, मार्शमन १८३७ अखेर. त्याच सुमारास श्रीरामपूर पुन्हा मूळ संस्थेत सामील झालं. १८४५ मध्ये डेन्मार्कनं गावच इंग्रजांना विकलं. कॉलेज अजून चालतं आणि देशभरातल्या अनेक धर्मशिक्षण संस्थांच्या पदव्या त्याच्या नावानं दिल्या जातात.

केरीच्या मृत्युपत्रात नकाराचं एक कलम आहे: मिशनच्या जागेवर माझा कसलाही हक्क नाही आणि कधी नव्हता. संग्रहालय कॉलेजला दिलं. मुलगा जेबेझ याला पंधराशे रुपये द्यायचे होते. तेवढी रोकड हाती नव्हती, म्हणून पुस्तकं विकून ते द्यावेत असं लिहून ठेवलं.