नर्मदेचं गाणं, रॉकच्या तालात

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं इथे कळंबात आम्हालाही वाटायचं. मग दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडचा २००० सालचा ‘कंदिसा’ अल्बम ऐकला. त्यात गिटार-ड्रमसोबत अशीम चक्रवर्तींचा तबला आहे, अन् ‘मा रेवा’ हे नर्मदेचं लोकगीतही. बँडमधले राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते. हे गाणं त्यांना त्या खोऱ्यातच मिळालं. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबारची ३३ गावं बुडिताखाली आली. गाव उठलं की गाणारे पांगतात. अल्बममुळे हे गाणं दूरवर पोचलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं काय? आजच आजीला गायला लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, अन् तिचं नाव-गावही त्यात बोलून ठेवा.