शब्द चार घरांचे, व्याकरण एका गावाचं

कुपवाड म्हटलं की आता औद्योगिक वसाहत आणि सांगली-मिरजेबरोबरची महापालिका आठवते. भाषाशास्त्रात मात्र हे नाव वेगळ्याच कारणासाठी गाजलं आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली कुपवाडच्या बोलींवर एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ते तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित वस्तीत आणि इतर काही घरांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या मोजक्या कुटुंबांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना यांतल्या दोन-तीन भाषा सहज येत.

त्या निबंधातलं एक वाक्य मला विसरता येत नाही. ‘पाला जरा कापून घेऊन आलो,’ असं कुपवाडचा मराठी माणूस म्हणे. उर्दू बोलणारा म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया.’ आणि कानडी बोलणारा, ‘तापला जरा खोदि तगोंदि बैन.’ तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून पाहा. ‘काप’खाली ‘काट’, त्याखाली ‘खोद’. ‘ऊन’खाली ‘के’, त्याखाली ‘इ’. प्रत्ययाखाली प्रत्यय तंतोतंत बसतो. मराठी आणि उर्दू एका भाषाकुळातल्या, कानडी अगदी निराळ्या. तरीही नुसते शब्द बदलत गेलं की एका भाषेतून दुसरीत जाता येतं!

हे साम्य वरवरचं नाही, ते थेट लिंगव्यवस्थेपर्यंत पोचलं आहे. आपल्याला नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी. का, ते कुणी विचारत नाही. कानडीत पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीनं हा हिशेब उचलला आणि तिथं ‘नदी आलं’ असं ऐकू येऊ लागलं. उर्दूतही ‘नदी आई’च्या जागी ‘नदी आया’ आलं. पुण्याच्या शाळेत ही चूक ठरली असती. कुपवाडात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम होता. देवाणघेवाण उलट्या दिशेनंही झाली. प्रमाण कानडीत ‘हे घर तुमचं’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कानडीनं मराठीसारखं शेवटी ‘आहे’ जोडून घेतलं.

मग चारही भाषांची मिळून एकच का झाली नाही? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याचं उत्तर. रानात, बाजारात, कामाच्या ठिकाणी सगळ्यांची सगळ्यांशी रोज गाठ पडे, आणि परक्याशी बोलताना बहुधा मराठी वापरली जाई, कारण गावातल्या दोन्ही बड्या जमीनदार समाजांपैकी ती कुणाचीच घरची भाषा नव्हती. घरात आणि धर्मकार्यात मात्र जो तो आपापल्या माणसांत. तिथली भाषा आपलीच असायला हवी. शब्द कानाला लगेच कळतात, म्हणून ते जपले गेले. व्याकरण कुणी जाणीवपूर्वक ऐकत नाही, म्हणून ते शतकांच्या शेजारात एक होत गेलं. कुणी ठरवलं नाही, कुणाला सांगावं लागलं नाही.

ज्या ग्रंथात हा निबंध आला, त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी एक धाडसी प्रश्न मांडला होता: मराठीच मुळात अशा भेटीगाठींतून घडली असेल का? सगळ्या अभ्यासकांना तो तर्क पटलेला नाही. पण खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं त्यानं,’ या वाक्यातलं ‘म्हणून’ घ्या. ते ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलं आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात बांधायच्या कामी लागलं. कानडीत हेच काम ‘अंत’ करतं, तेलुगूत ‘अनि’, आणि तीही ‘म्हणणे’ याच अर्थाच्या क्रियापदांपासून झाली आहेत. दख्खनी उर्दूत त्याच जागी ‘बोलके’ येतं.